कायद्याचा न्याय आणि मनाचा न्याय

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी ‘न्याय’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी संस्थेच्या चालकांनी सूचना केली. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. शिवाय समोर नववी-दहावीची मुले बसली आहेत आणि त्यांचे आई-वडीलही बसले आहेत. म्हणून ग्रंथातील व्याख्यांचा पसारा न मांडता, आपल्या रोजच्या व्यवहारात न्यायाचा प्रश्न कोठे उभा राहतो आणि कायदा व नीती त्याला काय उत्तर देतात, एवढेच पाहण्याचा माझा प्रयत्न राहील.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपण मराठी बोलतो, आणि मराठीतील न्यायकचेरीचे बहुतेक शब्द आपल्या ओळखीचे आहेत. हक्क, कायदा, दावा, वकील, वारस, मुदत हे सारे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. ‘अदालत’ हा शब्द ‘अदल’पासून झाला; अदल म्हणजे समतोल, तराजूची दोन्ही पारडी सारखी असणे. ‘इन्साफ’ या शब्दाच्या मुळाशी ‘निस्फ’ म्हणजे अर्धा हा अर्थ आहे. दोघांत वस्तू बरोबर निम्मी-निम्मी करणे, ही इन्साफाची पहिली कल्पना. आणि ‘हक्क’ या शब्दाचा अरबीत ‘अधिकार’ असा जसा अर्थ आहे, तसाच ‘सत्य’ असाही आहे. दुसऱ्याचा हक्क बुडविणे आणि खोटे वागणे या दोन गोष्टी भाषेनेच एका ठिकाणी बांधून ठेवल्या आहेत.

इन्साफाची ही कल्पना लहान मुलाला शिकवावी लागत नाही. घरात एक आंबा आणि दोन भाऊ असले, की ‘कापील त्याने मागून घ्यावे’ हा नियम आई घालून देते. जो सुरी चालवितो त्याने शेवटी उचलायचे, म्हणजे तो फोडी सारख्याच करतो. कोणीही स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे कायदेशास्त्राचे एक मोठे तत्त्व या आंब्याच्या फोडीत सामावलेले आहे.

तात्पर्य, ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. याबाबतीत कायदा आणि नीती यांचे दुमत नाही. फरक आहे तो देण्याच्या रीतीत. कायदा फिर्याद येईपर्यंत थांबतो. नीती थांबत नाही. कायदा पुरावा मागतो. नीतीच्या दरबारात आपले मनच साक्षीदार असते. कायद्याला मुदत आहे. नीतीला मुदत नाही. हा फरक नीट समजावा म्हणून एक साधे उदाहरण घेतो.

समजा, एका माणसाने आपल्या शेजाऱ्याला अडचणीच्या वेळी वीस हजार रुपये उसने दिले. चिठ्ठी लिहून घेतली. पुढे संकोचामुळे त्याने मागणी केली नाही आणि शेजाऱ्यानेही विषय काढला नाही. आपल्या देशात १९६३ चा मुदतीचा कायदा लागू आहे. त्यानुसार उसन्या पैशाच्या वसुलीसाठी साधारणतः तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. चौथ्या वर्षी हा सावकार कोर्टात गेला, तर प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने तो दावा फेटाळलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. शेजारी दावा जिंकतो. आता मी विद्यार्थ्यांना विचारतो, शेजाऱ्याचे कर्ज फिटले काय?

तुमच्यापैकी पुष्कळांचे उत्तर ‘नाही’ असे येईल, आणि विशेष म्हणजे कायद्याचे उत्तरही ‘नाही’ असेच आहे. मुदत संपल्याने कर्ज वसूल करण्याचा कोर्टातील मार्ग बंद होतो. कर्ज नाहीसे होत नाही. म्हणूनच १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमात अशी तरतूद आहे, की मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी व सहीनिशी दिले, तर त्या वचनासाठी नवा मोबदला नसतानाही ते वचन कायद्याने बंधनकारक ठरते. पाहा, कायद्याने दरवाजा लावून घेतला खरा, पण एक खिडकी उघडी ठेवली आणि तिची कडी ऋणकोच्या मनाच्या हाती दिली. कायद्याची हद्द जेथे संपते तेथे कर्तव्य संपत नाही, हे कायद्याने येथे स्वतःच मान्य केले आहे.

मग कोणी म्हणेल, असा अर्धवट कायदा हवा कशाला? सरळ न्यायाधीशाच्या सद्सद्विवेकावर सोडून द्यावे. हा विचार वरवर चांगला वाटतो, परंतु तो घातक आहे. मुदतीचा कायदा नसता, तर तीस वर्षांपूर्वीची खरी-खोटी चिठ्ठी घेऊन कोणीही आपल्या मुलांच्या दारी उभा राहिला असता. तोपर्यंत साक्षीदार वारलेले, पावत्या हरवलेल्या. खऱ्या माणसाने आपला खरेपणा कसा सिद्ध करावा? मुदत, पुरावा, अपील, दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या, तरी दुबळ्या माणसाला त्यांचाच आधार असतो. ज्या समाजात पुराव्यावाचून शिक्षा होते, तेथे शिक्षा कोणाला व्हावी हे जमाव ठरवितो, आणि जमावाच्या हातून अल्पसंख्य व गरीब माणूस सुटत नाही.

आपल्या परंपरेत हजरत अली आणि काझी शुरैह यांची गोष्ट सांगितली जाते, ती याच कारणासाठी मोलाची आहे. खलिफा असलेल्या हजरत अलींचे चिलखत हरवले आणि ते एका गैरमुस्लिम प्रजाजनाकडे आढळले. खलिफा काझीपुढे सामान्य वादीप्रमाणे उभे राहिले. काझीने साक्षीदार मागितले. मुलाची साक्ष बापाच्या बाजूने चालणार नाही, असे सांगून त्याने निकाल खलिफांच्या विरुद्ध दिला. अली खोटे बोलणार नाहीत, हे काझीला माहीत होते. तरीही त्याने आपल्या माहितीवर निकाल दिला नाही, पुराव्यावर दिला. कथेचा शेवट असा सांगतात, की निकाल ऐकून तो माणूस स्वतःच पुढे आला आणि चिलखत खलिफांचेच आहे, असे त्याने कबूल केले. कायद्याचा न्याय काझीने केला. मनाचा न्याय त्या माणसाने केला. दोन्ही मिळून ती वस्तू ज्याची त्याला मिळाली.

महाराष्ट्राच्या इतिहासात रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आपण असेच आदराने घेतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्या खुनाचा दोष सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांच्या पदरी घालण्यास हा न्यायाधीश कचरला नाही. समोर कोण उभा आहे याचा विचार न करणे, हा कायद्याच्या न्यायाचा प्राण आहे. म्हणून कायद्याला कोणी तुच्छ लेखू नये. माझे म्हणणे एवढेच, की कायदा ही न्यायाची खालची पायरी आहे. तिच्याखाली कोणी उतरू नये म्हणून शिपाई उभा केला आहे. वर चढणे मात्र ज्याचे त्याला करावे लागते.

याच संदर्भात एका हदीसचा आशय सर्व पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोक आपले तंटे हजरत पैगंबरांकडे (स.) आणीत. त्यांनी लोकांना बजावले, की मीही माणूसच आहे. एखादा दुसऱ्यापेक्षा आपली बाजू अधिक चतुराईने मांडील आणि जे ऐकले त्यावरून मी त्याच्या बाजूने निकाल देईन. पण त्यामुळे त्याच्या भावाचा हक्क त्याच्याकडे गेला, तर त्याने तो घेऊ नये, कारण तो विस्तवाचा तुकडा आहे. विचार करा. निकाल देणारे कोण, तर प्रत्यक्ष पैगंबर. आणि तरीही निकाल हाती आला म्हणून परक्याची वस्तू आपली होत नाही, असे ते सांगतात. मग तालुक्याच्या कोर्टाचा हुकूमनामा दाखवून आपण आपल्या मनाची समजूत कशी घालू शकतो?

आता घरातून थोडे बाहेर पडू आणि समाजाच्या पातळीवर हा प्रश्न कसा दिसतो, ते कोकणातल्याच एका घटनेवरून पाहू. महाडचे चवदार तळे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला. पण तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही, कारण कागद एक सांगत होता आणि गावाचे मन दुसरेच सांगत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी तळ्याचे पाणी प्याले, आणि परत जाणाऱ्या लोकांना गावात मारहाण झाली.

त्यानंतर त्या वर्षाच्या डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. तिच्या आधीच तळे खाजगी आहे आणि रूढी फार जुनी आहे, असे सांगून काही मंडळींनी कोर्टातून मनाई हुकूम मिळविला. डॉ. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर होते. लोक सत्याग्रहाला उत्सुक असताना त्यांनी कोर्टाच्या हुकमाचा मान राखून पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब केला आणि दावा लढविला. तो दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अनादिकालापासून अशी रूढी होती हे वादींना सिद्ध करता आले नाही. अस्पृश्य लोकांच्या बाजूने निकाल लागला, तो या मुद्द्यावर. माणसाला माणसाप्रमाणे पाणी मिळाले पाहिजे, ही गोष्ट कोर्टाला त्या दाव्यात ठरवायचीच नव्हती. रूढी सिद्ध झाली असती तर? तर त्या काळच्या कायद्याने कदाचित उलटा निकाल लागला असता. १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा हा ‘तर’ संपला.

या हकिगतीत आपल्या समाजासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली अभिमानाची. डिसेंबरच्या परिषदेसाठी महाडात कोणी जागा देईना, तेव्हा गावातील एका मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. तसे करण्यास त्याला कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. दुसरी गोष्ट विचार करायला लावणारी. चवदार तळ्याचे पाणी मुसलमानांना मोकळे होते. पिढ्यान् पिढ्या आपले लोक तेथे घागरी भरीत होते आणि शेजारचा माणूस तहानेला असूनही तेथे येऊ शकत नव्हता. आपण कोणाला अडविले नाही, हे खरे. परंतु न्यायाचा हिशेब एवढ्यावर पुरा होतो काय? कायदा विचारील, तू कोणाला अडविलेस का? नीती विचारील, त्याला अडविले जात असताना तू कोठे होतास? ज्या समाजाला आपल्यावरच्या अन्यायाबद्दल इतरांनी बोलावे असे वाटते, त्याने हा दुसरा प्रश्न स्वतःला आधी विचारावा.

दहा वर्षांच्या त्या दाव्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. न्यायाला उशीर झाला, की तो अर्धाच उरतो. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती आली. वृत्तपत्रातील लेखांच्या आधारे ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी अर्ज केला होता. त्या कैद्यांमध्ये अशी माणसे होती, की ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ती नुसती खटल्याची वाट पाहत तुरुंगात पडली होती. जामिनासाठी पैसे नव्हते आणि वकील नव्हता, एवढाच त्यांचा अपराध. खटला लवकर चालणे हा जीवित-स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने सांगितले. येथे कायद्यानेच कायद्याची चूक दुरुस्त केली. पण कोणाचे तरी मन आधी अस्वस्थ व्हावे लागले.

याच अनुषंगाने पालकांना एक उपयुक्त माहिती देतो. १९७६ च्या घटनादुरुस्तीने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याचे तत्त्व घटनेत आले आणि १९८७ मध्ये विधिसेवा प्राधिकरणाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कारखान्यांतील कामगार, कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मागता येतो. स्त्रीच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. ज्या तालुक्यात कोर्ट आहे, तेथे चौकशी केल्यास या समितीचा पत्ता लागतो. आपल्या समाजातील किती भगिनींना ही गोष्ट ठाऊक आहे? हक्क माहीत नसणे हाही अन्यायाचाच एक प्रकार आहे, आणि तो दूर करणे शाळेच्या हाती आहे.

आता मी आजच्या भाषणातील सर्वांत जवळच्या विषयाकडे वळतो. कोर्ट दूर असते, तुरुंग दूर असतो. पण प्रत्येक घरात एक दिवस वाटणी होतेच. आणि वाटणीच्या दिवशी आपला न्याय कोठे असतो, हे बहिणीच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळते.

मुंबईत १८४७ साली एक प्रसिद्ध खटला झाला. खोजा आणि कच्छी मेमन समाजांतील मुलींनी कुराणाप्रमाणे वडिलांच्या मालमत्तेत आपला वाटा मागितला. त्या वेळच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश होते. या समाजांत मुलींना वारसा न देण्याची रूढी फार दिवसांची आहे, हे साक्षीपुराव्याने सिद्ध झाले आणि रूढी धर्मग्रंथाशी विसंगत असली तरी तीच लागू होईल, असा निकाल झाला. मुली हरल्या. लक्षात घ्या, रूढी आहे असे सांगायला कोर्टात परके कोणी आले नव्हते. समाजातलेच लोक आले होते. ज्या ग्रंथाला आपण रोज डोळ्यांना लावतो, त्यात मुलीचा वाटा ठरवून दिलेला असताना, तो देऊ नये म्हणून आपल्याच माणसांनी रूढीचा आधार घेतला. पुढे १९३७ मध्ये शरीयत कायदा संमत झाला आणि वारशाच्या बाबतीत रूढी बाजूला सारून मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू झाला. मधे नव्वद वर्षे गेली. आणि १९३७ च्या त्या कायद्यातही शेतजमिनीचा प्रश्न वगळण्यात आला. ज्या घरांची सारी दौलत भातशेती आणि बागायत हीच आहे, तेथे रूढीला पुन्हा वाव राहिला.

वाटा किती, हे विद्यार्थ्यांनी गणित म्हणून समजून घ्यावे. माणूस वारल्यावर प्रथम दफनाचा खर्च आणि कर्ज भागवायचे. पत्नीचा मेहेर दिला नसेल, तर तेही कर्जच आहे, हे विसरू नये. मृत्युपत्र असेल तर ते उरलेल्याच्या एकतृतीयांशापर्यंतच चालते. समजा, हे सर्व होऊन सोळा लाख रुपये शिल्लक राहिले आणि मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे दोन लाख. उरलेल्या चौदा लाखांपैकी मुलाला सात आणि प्रत्येक मुलीला साडेतीन. मुलाला दुप्पट का, याची चर्चा विद्वान लोक करतात आणि ती होत राहील. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. हे साडेतीन लाख तरी तिच्या हाती पडतात काय?

बहुधा पडत नाहीत. वडिलांचे चाळिसावे झाले, की हक्कसोडपत्राचा कागद तयार होतो. बहिणीला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेले जाते. ‘राजीखुशीने सोडता ना?’ असे विचारले, की ती मान हलविते. अंगठा किंवा सही होते, नोंदणी होते, सातबाऱ्यावरून नाव कमी होते. कायद्याच्या दृष्टीने सारे ठाकठीक. सज्ञान बाईने स्वखुशीने हक्क सोडला, तर कायदा काय करणार? पण तिने मान का हलविली, हे भावाला माहीत असते. वाटा घेतला तर ईदेला माहेरचा उंबरठा बंद होईल, बाळंतपणाला कोणी नेणार नाही, नवऱ्याशी बिनसले तर परत यायला दार उरणार नाही, ही भीती त्या सहीमागे असते. भीतीने दिलेल्या वस्तूला आपण दान म्हणत नाही. मग तिला राजीखुशी कसे म्हणावे?

काही घरांत वडील हयात असतानाच मुलीकडून ‘मला काही नको’ असे लिहून घेतात. वडील जिवंत असेपर्यंत मुस्लिम कायद्यात वारसाला मालमत्तेत कोणताही हक्क नसतो. तेव्हा नसलेला हक्क सोडून देणेही नुसत्या त्या कागदाने होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हे तत्त्व मान्य केले. मात्र त्याबदली मोबदला घेतला असेल, तर पुढे वाटा मागण्यास बाध येऊ शकतो, असेही सांगितले. दुसरा मार्ग हिब्याचा, म्हणजे बक्षीसपत्राचा. निरोगी अवस्थेत माणसाने आपली सारी मिळकत एका मुलाला बक्षीस दिली आणि ताबा दिला, तर कायदा तो हिबा मोडीत नाही. पण हदीसमध्ये याचेही उत्तर आहे. एक सहाबी आपल्या एका मुलाला काही बक्षीस देऊन त्याला साक्षी राहण्याची विनंती करण्यासाठी पैगंबरांकडे (स.) गेले. ‘सर्व मुलांना असेच दिले काय?’ अशी विचारणा झाली. ‘नाही’ म्हणताच अशा अन्यायाला साक्ष राहण्यास त्यांनी नकार दिला. कायदेशीर असूनही अन्याय असू शकतो, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे?

‘लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा वाटा’ असेही काही पालक म्हणतात. लग्नाचा खर्च भावाच्याही लग्नात झालेला असतो. तो त्याच्या वाट्यातून कोणी वजा करीत नाही. शिवाय मंडप, जेवणावळी आणि सासरच्या मागण्या यांत गेलेला पैसा मुलीच्या हाती कधीच पडलेला नसतो. हुंडा घेणे-देणे १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे जे मना आहे ते द्यायचे आणि जे फर्ज आहे ते टाळायचे, असा उलटा व्यवहार आपण चालविला आहे.

हा दोष एकट्या आपल्या समाजाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. हिंदू मुलींना वारसाहक्क देणारा कायदा १९५६ मध्ये झाला. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने २००५ मध्ये दिला. तो हक्क जन्मतःच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट करावे लागले. तरीही हक्कसोडीचे कागद दोन्हीकडे होतच आहेत. शेजाऱ्याच्या घरातही तोच दोष आहे म्हणून आपल्या घरातला कमी होत नाही. उलट यावरून एवढेच कळते, की कायदा कितीही चांगला केला, तरी भावाच्या मनातून तो पुढे सरकत नाही तोवर बहिणीच्या हाती काही पडत नाही.

कायद्यात न्याय पुरा का मावत नाही, याचे कारण अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. कायदा सर्वांसाठी सामान्य शब्दांत लिहावा लागतो आणि आयुष्यातील प्रसंग तर प्रत्येक निराळा असतो. तेव्हा कायद्याचे शब्द जेथे उणे पडतात, तेथे समंजस माणसाने ती उणीव भरून काढावी, आणि कायदा आपल्या बाजूने असतानाही आपल्या वाट्याहून थोडे कमी घेण्याची तयारी ठेवावी. कुराणाची शिकवण याच्याही पुढे जाते. न्यायासाठी साक्ष द्यावी, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध गेली तरी हरकत नाही, असा तिचा आशय आहे. दुसऱ्याच्या विरुद्ध साक्ष देणारे पुष्कळ भेटतात. स्वतःच्या विरुद्ध साक्ष देणारा भेटला, की समजावे न्याय तेथे वस्तीला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी शिक्षक, कोणी दुकान चालवील, कोणी परदेशी नोकरीला जाईल. कायदा शिकण्याची संधी सर्वांना मिळेलच असे नाही. न्यायाची सवय मात्र याच वयात लागते. सांघिक खेळात पंचाने न पाहिलेला आपला बाद स्वतः मान्य करणे, परीक्षेत चुकून जादा मिळालेले गुण शिक्षकांच्या नजरेस आणून देणे, वर्गात एकट्या पडलेल्या मुलाच्या बाजूने बोलणे, घरी बहिणीच्या वाट्याचे काम आणि आपल्या वाट्याचा खेळ यांचा हिशेब एकदा मांडून पाहणे, ही सारी त्याचीच उजळणी आहे. ज्या मुलाने चौदाव्या वर्षी बहिणीचा अभ्यासाचा वेळ हक्काचा मानला, तो चाळिसाव्या वर्षी तिच्यापुढे हक्कसोडपत्र सरकविणार नाही, अशी माझी खात्री आहे.

पालकांना माझी नम्र विनंती आहे. या संस्थेत आपण मुलींना पाठविता, ही फार मोठी गोष्ट आहे. तिला शिकविणे हे तिच्यावरील उपकार नव्हेत. ते तिचे देणे आहे आणि ते आपण फेडीत आहात. याच वहीत पुढची नोंदही करून ठेवा. आपल्या मिळकतीची यादी, कोणाचे देणे, कोणाचे येणे, पत्नीचा मेहेर, हे सारे लिहून ठेवा. मुलगे आणि मुली एकत्र बसलेल्या असताना, कोणाचा किती वाटा आहे, ते आपल्या तोंडाने सांगा. बापाने हयातीत उघडपणे सांगितलेली गोष्ट भावांना पुढे नाकारणे जड जाते आणि बहिणीला मागताना लाज वाटत नाही. आणि ज्यांच्या घरी वाटणी होऊन गेली आहे, त्यांनी करार कायद्यातील ती खिडकी आठवावी. मुदत संपली असेल, कागद झाला असेल, सातबारा कोरा असेल. देणे मात्र फिटलेले नाही. बहिणीने दावा लावण्याची वाट पाहू नका. ती लावणार नाही. म्हणूनच आपण स्वतः जायचे.